चार बोटं झुकलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. स्थिर राहणं हे माझं काम, आणि नेमकं तेच मला आयुष्यभर धड जमलेलं नाही. वारा आला की मी डुलतो. शेजारी कुणी शिंकलं तरी माझी दोरी थरथरते. काळजी लागली की तुम्ही म्हणता, "जीव टांगणीला लागला." माझा तर जन्मच टांगणीला लागलेला!

तुमच्यापैकी काहींनी ओळंबा पाहिला नसेल. भोवऱ्यासारखा एक जड गोळा, त्याला दोरी, आणि दोरीत ओवलेला एक लाकडी ठोकळा, एवढाच माझा संसार. गवंडी तो ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो की भिंत सरळ. मधे फट राहिली की समजायचं, भिंत पुढे झुकली आहे. मला खोटं बोलता येत नाही. खरंही बोलता येत नाही म्हणा. मी नुसता लटकतो.

एका लेथवाल्याच्या कारखान्यात मी घडलो. माझं टोक पहिल्यांदा वाकडं आलं, म्हणून कारागिराने मला पुन्हा यंत्रावर चढवलं. त्यात मी भावंडांपेक्षा बुटका राहिलो. एका तरुण गवंड्याने मला तळहातावर तोललं, दोनदा उडवून झेललं आणि खिशात टाकलं. तेव्हापासून मी त्याचा.

आम्ही पुष्कळ बांधलं. घरं, एक दवाखाना, शाळेचं कुंपण, पाण्याची टाकी. गवंड्याचा मिस्त्री झाला. मग त्याला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. शहराच्या बंदरावर नवा धक्का बांधायचा होता. समुद्राला अडवणारी लांबच लांब दगडी भिंत, आणि तिच्या मागे भराव टाकून तयार केलेली सपाट जागा. ओहोटी लागली की आम्ही चिखलात उतरायचो आणि भरती आली की पळत वर यायचो. दर तीन हातांवर मिस्त्री मला सोडायचा. मी डुलायचा थांबेपर्यंत तो श्वाससुद्धा हळू घ्यायचा. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "केसभर फरक नाही, मिस्त्री!" त्या दिवशी त्याने मला आपल्या सदऱ्याने पुसलं. इतकं कौतुक पुन्हा कधी माझ्या वाट्याला आलं नाही.

शेवटचा कोपरा मात्र मला अजून टोचतो. उद्घाटनाची तारीख ठरली होती आणि भराव अपुरा होता. भरावाचं काम एका मुकादमाकडे होतं. त्याने मोडक्या होड्यांची लाकडं, भट्टीची राख, हाताला येईल ते भिंतीमागे ओतायला सुरुवात केली. मी मिस्त्रीच्या कमरेला लटकलो होतो. मी सगळं पाहिलं.

"अहो, हे कुजेल," मिस्त्री म्हणाला.

"भिंत तुझी, पोट माझं," मुकादम म्हणाला. "तू तुझ्या भिंतीचं बघ."

मिस्त्री मूग गिळून बसला. वर मातीचा थर आला, त्यावर फरशी आली, फरशीवर मांडव आला. फीत कापली गेली. आणि मी, ज्याला काहीच बोलता येत नाही, तोही गप्प राहिलो.

अडतीस वर्षं गेली. मोठी जहाजं दुसऱ्या बंदरात जाऊ लागली. गोदामांना कुलपं लागली. मिस्त्रीचे गुडघे गेले आणि मी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत गेलो. तिथे एक गंजकी थापी आणि मी एकमेकांवर खडखडत होतो. कुणी पलंगावर कूस बदलली की मला वाटायचं, आज निघालो! पण कुणी पेटी उघडत नव्हतं.

मिस्त्रीची लेक तोवर इंजिनीअर झाली होती. तो तिला लाडाने बयो म्हणायचा. ती नगरपालिकेत होती. एके दिवशी तिच्यावर एक काम आलं. धक्का नुसता पडून आहे, वस्तीतल्या पोरांना खेळायला जागा नाही, ती मालट्रकांच्या मधून पळापळी खेळतात. तर त्या धक्क्यावर लहानशी बालजत्रा उभारता येईल का? एक मोठा फिरता पाळणा, एक घोड्यांचं चक्र, एक छोटी आगगाडी. जागा एवढा भार सोसेल की नाही, ते बयोने सांगायचं होतं.

मिस्त्रीला आनंद झाला. "सोसेल का म्हणजे? माझी भिंत आहे ती! दहा पाळणे उभे करा!" पण मी पेटीतून ऐकत होतो. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

पाळणा त्या शेवटच्या कोपऱ्यातच यायचा होता, कारण तिथून अख्खं बंदर दिसतं. बयोने तिथे जमिनीत भोक पाडून पाहिलं, तर खालून काळी राख आणि कुजकं लाकूड वर आलं. तिच्या तिपाईवरच्या यंत्राने सांगितलं, इथली भिंत समुद्राकडे झुकली आहे. तिचे साहेब म्हणाले, "बांधतानाच तशी बांधली असेल. जुने नकाशे कुठे आहेत? तेव्हा ती सरळ होती, हे कोण सांगणार?"

संध्याकाळी बयोने घरी विचारलं, "बाबा, कोपऱ्यातली भिंत बांधताना सरळ होती का हो?"

मिस्त्री ताडकन उठला. गुडघे कुरकुरले तरी थांबला नाही. "सरळ? अगं, केसभर फरक नव्हता! तुझ्या यंत्राला काय कळतंय?" आणि त्याने पलंगाखाली हात घातला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी पेटी उघडली!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला बापलेक धक्क्याच्या पायऱ्या उतरले. मिस्त्रीने ठोकळा भिंतीच्या माथ्याला लावला आणि मला सोडलं. वारा सुटला होता. मी नुसता भिरभिरत होतो. बयोने चिखलात पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि मला तिच्यात बुडवलं, म्हणजे मला जरा आवर बसावा. हळूहळू मी थांबलो. भिंत माझ्यापासून लांब होती.

मिस्त्रीने फटीत बोटं घातली. चार बोटं आत गेली.

"दोरीला पीळ पडलाय," तो म्हणाला. पीळ काढून त्याने मला पुन्हा सोडलं. चार बोटं. त्याने ठोकळा पुसला, जागा बदलली. चार बोटं. मग तो ओल्या पायरीवर मटकन बसला.

"बाबा," बयो हळूच म्हणाली, "तेव्हा खरंच सरळ होती?"

मित्रांनो, माझा जीव तुटत होता. 'नव्हती' एवढं म्हटलं असतं तर तो सुटला असता. फार तर लोक म्हणाले असते, मिस्त्री तितकासा हुशार नव्हता. पण ज्या गोष्टीचा त्याला आयुष्यभर अभिमान होता, तीच आज साक्ष देत होती. तेव्हा सरळ होती, म्हणजे आता सरकली आहे.

"सरळ होती," तो म्हणाला. "मागचं पोट कुजलंय, बयो. मला ठाऊक होतं." आणि मुकादम, होड्या, राख सगळं त्याने सांगून टाकलं.

बयोने माझी दोरी गुंडाळली. "हे सगळ्यांसमोर सांगाल?"

"नाव जाईल माझं."

"जाईल," ती म्हणाली. तिने त्याला खोटा धीर दिला नाही. मला ते आवडलं आणि आवडलंही नाही.

रविवारी दुपारी एका गोदामात वस्तीची सभा भरली. पाळण्याचा मालकही आला होता. तो आणि त्याची बायको तीस वर्षं गावोगाव पाळणा घेऊन हिंडत होते. आता त्यांना एका जागी टेकायचं होतं. त्याने मांडीवर पाळण्याचा आराखडा उघडून ठेवला होता. बयोने आपलं म्हणणं मांडलं. धक्क्याचा दुसरा अर्धा भाग पक्का आहे, तिथे चक्र आणि आगगाडी होऊ शकेल. पण तिथे पाळण्याला पुरेल एवढी जागा नाही, आणि कोपऱ्यात पाळणा नको. मग मिस्त्री उभा राहिला. मला मुठीत घट्ट धरून त्याने सगळं सांगितलं.

एकच गलका झाला. "अडतीस वर्षं उभी आहे की भिंत!" एक जण ओरडला. "म्हाताऱ्याला आत्ता पश्चात्ताप सुचला, आणि भोगायचं आमच्या पोरांनी!"

पाळणेवाल्याने हात वर करून लोकांना गप्प केलं. "मिस्त्री, मला एवढंच सांगा. तुमच्या घरचं लेकरू बसवाल का तिथे, माझ्या पाळण्यात?"

मिस्त्रीने मान वर केली. "नाही बसवणार."

पाळणेवाल्याने आराखड्याची घडी घातली. ती नीट बसेना, त्याने पुन्हा घातली. "मग दुसऱ्याचंही बसायला नको," तो म्हणाला आणि बायकोला म्हणाला, "चल गं."

आठवड्याने त्यांचा ट्रक दुसऱ्या गावाला निघून गेला. मिस्त्री निरोप द्यायला गेला होता. पाळणेवाल्याने हात जोडले, पण तो हसला नाही.

पक्क्या अर्ध्या भागात चक्र फिरू लागलं, लाल आगगाडी शिट्टी वाजवू लागली. पोरं ट्रकांमधली पळापळी सोडून तिथे आली. गर्दी मावेना. तरी लोकांचं बोट कोपऱ्याकडेच जातं. तिथे तारेचं कुंपण आहे आणि आत गवत. "तिथे मोठा पाळणा होणार होता. मिस्त्रीच्या लेकीने मोडता घातला."

या गोष्टीला चार वर्षं झाली. भिंत पडलेली नाही. बयो दर महिन्याला ओहोटी बघून मला सोडते आणि वहीत आकडा लिहिते. फट वाढते आहे, पण मुंगीच्या पावलांनी. परवा नातवंडांना घेऊन आलेल्या एका आजीबाईंनी तिला हटकलं, "एवढं घाबरवलंत आम्हाला, झालं का काही?"

"नाही झालं, आजी," बयो मला पुसत म्हणाली. "चांगलं आहे की."

खरं सांगू? मला हे उत्तर पुरत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, पडावी एकदा ती भिंत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे मिस्त्रीच्या मागे कुजबुज थांबेल. आणि लगेच माझीच मला लाज वाटते. मग मी पुन्हा डुलू लागतो, आणि बयोला बादली पुढे ओढावी लागते.

मिस्त्री आता पायऱ्या उतरत नाही. वर कुंपणापाशी खुर्ची टाकून बसतो आणि ओरडून विचारतो, "किती?" बयो आकडा सांगते. तो मान हलवतो. लोक ऐकत असले तरी तो आवाज लहान करत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर कुठे भिंत उभी राहत असेल, तर माझ्यासारख्याला एकदा जरूर लावा. मी थांबेपर्यंत घाई करू नका. आणि फट दिसली तर ती मोठ्याने सांगा, मग ती तुमच्या आवडत्या माणसाच्या भिंतीत का असेना. मी फक्त दाखवू शकतो. बोलायचं तुम्हाला आहे.