मढ्यापुढचं रडणं

निंगप्पाचा चाळीस वर्षांचा वैरी एक मढं होतं, आणि ते मढं अजून जिवंत होतं. मागच्याच गल्लीत राहायचं, सकाळी फिरायला निघायचं आणि समोर आलं की विचारायचं, "काय निंगप्पा, बरं हाय नव्हं?"

त्याचं असं झालं. निंगप्पाचं लग्न नवं होतं तेव्हा एक दाढीवाला दिग्दर्शक सोलापुरात सिनेमा काढायला आला. सिनेमा खुनाचा, पण हसू येणारा. एका व्यापाऱ्याला त्याचा पुतण्या विष घालून मारतो. घर लिंगायताचं, म्हणून रीतीप्रमाणे मढ्याला आंघोळ घालून, भस्म लावून भिंतीला टेकवून बसवतात. हार यायला उशीर होतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, मालक नुसतेच बसलेत. दूधवाला भांडून जातो. फौजदार तर समोर बसून त्याचीच जबानी घेऊ लागतो.

ते मढं व्हायची निंगप्पाची फार इच्छा होती, पण दिग्दर्शकाला नाक आवडलं शिवानंदचं. निंगप्पाला काम मिळालं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पोरं आणि म्हशी अडवायचं. तेही त्याने सोसलं असतं. पण रडणाऱ्या बायांत त्याची बायको दाक्षायणी होती, आणि शिवानंदच्या पायाशी बसून ती अशी रडली, की दिग्दर्शकाने कॅमेरा तिच्यावरून हलवलाच नाही. सिनेमा लागला तेव्हा हलगीच्या दणक्यात तिचे शब्द काही कळले नाहीत. डोळे मात्र कळले. कारण दाक्षायणीला आधी स्थळ आलं होतं ते शिवानंदचंच, ते कशावरून तरी फिसकटलं होतं. पुढे शिवानंदने लग्नच केलं नाही. निंगप्पाच्या पोटात तेव्हा जे दुखायला लागलं, ते दुखतच राहिलं.

त्याने तिला विचारलं होतं. आडून विचारलं, उघड विचारलं. ती एवढंच म्हणायची, "सिनेमात रडायचं असतंय, रडले की." आणि चुलीकडे वळायची. ते वळणंच त्याला टोचायचं. सख्ख्या बापाच्या वेळीही ती इतकी रडली नव्हती, हे या गृहस्थाने भर दुःखात नीट बघून ठेवलं होतं.

यंदा कुण्या फिल्म क्लबवाल्यांनी जुनी रीळं साफसूफ करून, आवाज सुधारून तो सिनेमा पुन्हा लावला. मढ्याला शाल आणि श्रीफळ. निंगप्पाला मागच्या रांगेतली खुर्ची.

"मी येत न्हाय," दाक्षायणी म्हणाली. "गुडघा दुखतोय."

"तुझंच रडणं हाय की त्यात."

"म्हणूनच येत न्हाय."

एवढं ऐकून घेऊन तो एकटाच गेला. सत्कार आटोपून शिवानंद नेमका त्याच्याच शेजारी येऊन बसला, खांद्यावर शाल तशीच. फौजदाराच्या जबानीला सगळं सभागृह खिदळत होतं आणि निंगप्पा दात आवळून बसला होता.

मग पडद्यावर दाक्षायणी आली. कोवळी, नाकात मोरणी. हलगी आता लांब कुठेतरी वाजत होती आणि हेल काढून चाललेलं तिचं कानडी रडणं लख्ख ऐकू येत होतं. चपला उशाला घेऊन झोपणाऱ्या माझ्या राजा, ती म्हणत होती, आता मी कुणाची वाट बघू? चहात भाकरी कुस्करून कोण खाईल? आरशापुढे उभा राहून स्वतःशीच कोण भांडेल? अंधाराला भिऊन मला मोरीपर्यंत सोबत कोण नेईल?

कानडी समजणारं निम्मं सभागृह हसलं. निंगप्पा हसला नाही. चपला गिरणीत चोरीला गेल्यापासून उशाला तोच घ्यायचा. मोरीपर्यंत सोबत त्याला आजही लागत होती.

"दिवसभर तेच रडून घेतलं तिच्याकडनं," शिवानंद पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाला. "मी डोळं मिटून ऐकत हुतो. त्यातली एकबी गोष्ट माझी न्हवती." खांद्यावरची शाल सावरत तो म्हणाला, "मढं मी आन् रडणं तुझं. लई जळलो बग तुझ्यावर."

घरी दाक्षायणी भाकऱ्या थापत होती. निंगप्पा दारातच उभा राहिला.

"मला सांगितलं का न्हाईस?"

तिला काय ते कळलं. "काय सांगू? जित्या नवऱ्याला मारून रडले म्हणून? अपशकुन केला म्हणून सासूबाईंनी घरात घेतलं नसतं." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "दुसऱ्या कुणासाठी रडूच येईना. मग घरी येऊन देवापुढं नाक घासलं."

निंगप्पा जेवायला बसला. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा अन्न गोड लागत होतं. तेवढ्यात त्याचा घास हातातच राहिला. आपण जाऊ तेव्हा ही अशीच रडेल, अगदी अशीच, पण ऐकायला आपण नसणार. आणि ते सगळं त्या शिवानंदने आयतं, दिवसभर, डोळे मिटून ऐकलं होतं.

"परत एकदा रड की," तो म्हणाला. "आत्ता. मी भिंतीला टेकून बसतो."

"गप जेवा," दाक्षायणी म्हणाली, आणि चुलीकडे वळून तिने पदर डोळ्यांना लावला.