गोड चहात रुतलेलं हिरवं बटण

"मिस्टर वेंडल, दाबा की! मुहूर्त बघताय का?"

"दाबतोय मिस लव्हर्न! हे मेलं आतच जात नाही!"

मेलं म्हणे! मित्रांनो, ते मेलं म्हणजे मी. मी विधानसभेतलं मत द्यायचं एक जुनं हिरवं बटण आहे. बाक बेचाळीस, मालक आमदार वेंडल टकर. मी म्हणजे 'हो', शेजारचा लाल्या म्हणजे 'नको'. एकोणीस वर्षं या माणसाने रस्ता म्हणू नका, शाळा म्हणू नका, सगळ्याला लाल्याच दाबला. लाल्या झिजून गुळगुळीत झाला. माझ्यावर एकदा गोड चहा सांडला, तो पुसायचंही कुणाला सुचलं नाही. माझ्या कडा चिकटल्या त्या चिकटल्या.

आजचं विधेयक नखाएवढ्या एका तुकड्यावर बंदी आणायचं. पिस्तुलाला लावला की एकदा चाप ओढला तरी गोळ्यांची सर सुटते. देशाच्या कायद्यात त्याला बंदी, राज्याच्या कायद्यात नाही. त्यामुळे तुकडा सापडला तरी आमचा शेरीफ, म्हणजे इथला पोलीसप्रमुख, नुसता हात चोळत बसायचा. शेजारच्या बाकावरची आमदार मिस लव्हर्न तीन वर्षं यासाठी भांडतेय. तिच्या चर्चमध्ये गाणाऱ्या ज्युनिपरच्या खांद्यातनं अशीच एक गोळी गेली. पोरगी आज वर गॅलरीत बसलीय, नखं खात.

आणि वेंडल? टर्की पक्ष्याच्या शिकारीत त्याचा हात कोण धरणार! गेल्या महिन्यात शेरीफने त्याला तो तुकडा लावलेलं पिस्तूल चालवून बघायला दिलं. "अकरा गोळ्या," तो चिडून म्हणाला, "आणि एकही मला हवी तिथं नाही! ही काय बंदूक झाली?" तेव्हाच त्याचं मत फिरलं.

फळ्यावर बावन्न-बावन्न. सभापती ओरडले, "मतदान बंद करतोय!"

"तुम्हीच दाबा ना, मिस लव्हर्न!"

"माझं बोट लागलं तर मत बाद होईल! चहा तुम्ही सांडलात, तुम्हीच खरवडा!" तिने केसातली पिन काढून त्याच्या हातात कोंबली.

खरर्र! मी जीव खाऊन खाली गेलो. टक्!

त्रेपन्न!

ज्युनिपर अशी किंचाळली की सभापतींचा हातोडाच निसटला. मिस लव्हर्न रडत रडत म्हणाली, "अख्खा जन्म लावलात हो एका बटणाला!" वेंडलने गुपचूप रुमाल काढला आणि मला पुसलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

मित्रांनो, एवढंच सांगतो. रोज लागत नाही ते बटणसुद्धा पुसत जा रे. कधी लागेल, काय नेम...

थांबा, पुढचं विधेयक आलं, शाळेच्या बसचं. वेंडलचा अंगठा निघाला. लाल्याकडे... नाही, माझ्याकडे! चला, मला आत जायचंय.