एका सुरीच्या पैशात सहा

माझ्या बायकोला सुरी घ्यायची होती आणि सल्ला तिने विचारला समोरच्या भांडीवाल्याला. मला नाही. मी शिंपी आहे. दुकानाचं शटर वर गेलं की हातात कात्री येते, ती शटर खाली येईपर्यंत सुटत नाही. पोलाद कशाशी खातात, पातं कुठं बोथट होतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण नाही. बाईसाहेब रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

आणि तो पलीकडचा! उंच, केस मागे वळवलेले, शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडत नाही. शर्ट तयार घेतो, समोर माझं दुकान असून, हेही लक्षात ठेवा. मी मनातल्या मनात त्याला राजबिंडा म्हणतो. बायका त्याच्याकडे एक गाळणं घ्यायला जातात आणि अर्धा तास हसत उभ्या राहतात. गाळण्यात हसण्यासारखं काय असतं, देव जाणे.

सुरीचं प्रकरण निघालं ते तिच्या हातामुळे. माझ्या दुकानात आतल्या बाजूला बसून ती काजं करते, बटणं लावते, हातशिलाई करते. गेल्या काही महिन्यांत तिचा उजवा हात बधिर व्हायला लागला होता. सुई बोटांतून गळून पडायची आणि पडलेली तिला कळायचीही नाही. डॉक्टर म्हणाले, मनगटाचं छोटं ऑपरेशन करू, पण त्यानंतर काही आठवडे त्या हाताने चिरणं, पिळणं, उचलणं सगळं बंद.

"मग स्वयंपाकाचं काय?" मी विचारलं. "तुझ्या बहिणीला बोलावून घे."

"तिला तिचा संसार नाही का?"

"मग डबा लावू."

"बघू," ती म्हणाली.

ते 'बघू' मला चांगलंच झोंबलं. तुम्ही करा, असं तिच्या तोंडातून निघालं नाही. आता मी लगेच कंबर कसून उभा राहिलो असतो असं नाही, खोटं कशाला बोला. पण विचारावं तरी! आमच्या घरात स्वयंपाकाच्या बाबतीत मला कुणी धरतच नाही. लग्न नवीन होतं तेव्हा एकदा काकडी चिरायला बसलो होतो. घरातली ती दातेरी सुरी हातात घेतली आणि प्रत्येक चकती एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखी. आई हसली, ही हसली, आजूबाजूचे हसले. सुरी ठेवली ती कायमची. कापड मी सुतासारखं सरळ कापतो, काकडी मात्र मला जमत नाही, असं घरात ठरून गेलं आणि मीही ते मान्य केलं.

तर बाईसाहेब रोज पलीकडे. आणि परत आल्या की सुरू.

"ते म्हणाले, पैसे बेताचे असतील तर संच घेऊच नका. एकच घ्या, पण चांगली घ्या."

"असं?"

"ते म्हणाले, पातं मुठीच्या आतून शेवटपर्यंत गेलेलं आहे का बघा. अर्ध्यात थांबलं की मूठ हलते."

"हं."

"ते म्हणाले, दुकानात काय, सगळ्याच सुऱ्या कापतात. महिन्याभराने काय होतं ते विचारा."

ते म्हणाले, ते म्हणाले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेच सगळं मी सांगितलं असतं, तर 'हो का' म्हणून तिने दोरा ओवायला घेतला असता. त्याने सांगितलं की ब्रह्मवाक्य.

मग मी काय केलं? बाजारात सेल लागला होता, तिथून सहा सुऱ्यांचा संच उचलून आणला. लाल मुठी, लाकडी स्टँड, वर एक सालकाढणं फुकट. राजबिंडा एका सुरीचे जेवढे सांगत होता, तेवढ्यात सहा! ओट्यावर स्टँड ठेवला आणि म्हणालो, "घे. आता कुणाच्या दारात जायला नको."

तिने एकेक सुरी काढून बघितली. "छान आहेत," म्हणाली आणि सगळ्यात मोठी घेऊन भोपळ्यात घातली. सुरी अर्ध्यात अडकली. तिने डाव्या हाताने जोर लावून ओढली, तर मूठ हातात आली आणि पातं भोपळ्यातच राहिलं.

काय कचरा आणलात, असं म्हणाली असती तर मी भांडलो असतो आणि विषय संपला असता. तिने नुसता स्टँड उचलून खालच्या कप्प्यात ठेवला, जुनी दातेरी सुरी घेतली आणि भोपळा कसाबसा चिरला. संध्याकाळी पुन्हा पलीकडे. मी गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होतो आणि डोळे रस्त्यापलीकडे. राजबिंडा तिच्यासमोर एकेक सुरी ठेवत होता, ती मान हलवत होती. एकदा तर दोघं खळखळून हसली. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, टेप गळ्याला लागतोय."

खरं सांगू का, मला तो तसला संशय नव्हता. माझी बायको तशी नाही आणि राजबिंड्यालाही त्याची बायको दुपारी डबा आणून देते. मला जाळत होतं ते वेगळंच. माझ्या बायकोचा हात निकामी होत चाललाय, ती मनातून घाबरलीय, आणि तिला आधार वाटतो तो त्याच्या काउंटरचा. मी समोर बसलोय, तरी माझा उपयोग शून्य.

त्यात माझी कात्री गेली.

ही कात्री म्हणजे माझी पहिली. मी डावखुरा, आणि डावखुऱ्या शिंप्याला साधी कात्री चालत नाही. पाती उलटी लागतात, अंगठ्याचं भोक उलट्या बाजूला लागतं. उजव्या हाताच्या माणसाने माझ्या कात्रीने कापायला घेतलं तर कापड पात्यांमध्ये दुमडतं. अशी कात्री शोधून आणावी लागते. आता वापरात दुसरी आहे, पण पहिली मी मशीनच्या खणात जपून ठेवलीय. मूठ माझ्या बोटांनी झिजून माझ्या बोटांसारखी झालीय. त्या दिवशी खण उघडला, तर कात्री गायब.

"माझी कात्री कुठंय?"

ती बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "दिलीय."

"कुणाला?"

तिने दोरा दाताने तोडला.

"अगं, कुणाला दिलीस?"

"पलीकडे."

तळपायाची आग मस्तकात गेली. चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही. रस्ता ओलांडला, दुकानात शिरलो आणि बघतो तर काय, राजबिंडा काउंटरवर बसलाय आणि त्याची लांबसडक बोटं माझ्या कात्रीत!

"ठेवा खाली," मी ओरडलो. "आधी ती खाली ठेवा!"

त्याने ठेवली. "मास्तर, बरं झालं आलात. केव्हापासून हिच्यात हात बसवतोय, जमतच नाही."

"जमणार कसं? ती माझी आहे."

"तेच तर. बाई म्हणाल्या, ही कात्री ज्या हाताची, त्या हाताला बसेल अशी सुरी द्या."

भांडायला आलो होतो, पण काउंटरवरची कात्री उचलून नुसती उलटीसुलटी करत राहिलो.

त्याने खालून एक दातेरी सुरी काढून माझ्यासमोर आडवी धरली, आमच्या घरात आहे तसलीच. दाते एकाच बाजूने घासलेले. दुसरी बाजू सपाट. उजव्या हातात ती सरळ उतरते, डाव्या हातात वाट सोडून बाहेर पळते. त्याने पुढे सांगायची गरजच नव्हती. आयुष्यभर उलट्या पात्यांची कात्री वापरणारा मी, आणि काकडी वाकडी झाली तेव्हा सुरी उलटून बघायचं मला सुचलं नाही! स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग त्याने दुसरी सुरी पुढे केली. दोन्ही बाजूंनी सारखी धार, दाते नाहीत, मूठ साधी काळी. मी ती डाव्या हातात घेतली. बसली.

"बाईंनी किती सुऱ्या परत केल्या म्हणून सांगू!" तो म्हणाला. "ही नको, त्यांचा अंगठा जाड आहे. ती नको, त्यांच्या तळव्याला टोचेल. शेवटी मी म्हटलं, अहो, मास्तरांनाच घेऊन या ना. तर म्हणाल्या, नको, ते तुमच्याशी भांडतील."

"आणि हसलात."

"हसू आलं खरं," राजबिंडा म्हणाला. पैशाचं विचारलं, तर ते तिने आधीच देऊन ठेवले होते.

एका हातात सुरी आणि दुसऱ्यात कात्री घेऊन मी रस्ता ओलांडला. ती दुकानात नव्हती. वर घरात स्वयंपाकघरात स्टुलावर बसून उजवा हात चोळत होती. मी एक काकडी धुतली आणि ओट्याशी उभा राहिलो. पहिली चकती सरळ पडली. दुसरीही. मी अख्खी काकडी चिरली, मग दुसरी घेतली.

"आता दोनच माणसांना किती काकडी?" ती म्हणाली.

"मला सांगायचं होतंस ना."

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, बहिणीला बोलव. तुम्हाला जमत नाही हे तुम्ही इतकं पक्कं धरून बसलाय." तिने एक चकती उचलून तोंडात टाकली. "मला बहीण नको आणि डबा नको. ऑपरेशननंतर तुमच्या हातचं खाईन म्हटलं. खारट झालं तरी."

मी चकत्या ताटलीत लावत बसलो, एकीवर एक, कापड घडी करतात तशा.

ती उठून माझ्याशेजारी आली. हाताकडे बघत राहिली, माझ्या नाही, स्वतःच्या. डाव्या.

"मलाही काही दिवस आता हाच एक हात," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "डाव्या हाताने कसं करायचं ते मला शिकवाल का? भीती वाटते हो."

इतके दिवस मला हेच हवं होतं, तिने मला काहीतरी विचारावं. आणि तिने विचारलं. मी तिच्या डाव्या हातात सुरी दिली, तिचा अंगठा जिथे हवा तिथे नेऊन ठेवला आणि वरून माझा हात धरला. पहिली चकती वाकडी आली. दुसरी त्याहून वाकडी. आम्ही दोघंही हसलो नाही.

पण स्वभावाला औषध नसतं. तिसऱ्या चकतीला माझ्या तोंडून निघालंच, "हे त्यालाही विचारलंस का आधी?"

"त्याला काय कळतंय यातलं?" ती म्हणाली. "तो उजव्या हाताचा माणूस."