रेषेबाहेरचा लाल

“तुझ्या बाबांचा लाल रंग हल्ली रेषेबाहेर जातोय गं. एकदा बघून ये,” मैफलींच्या हॉलमधली, तिकीट खिडकीवरची मावशी तिला म्हणाली होती. लेकीच्या मुठीतून आपले केस सोडवत ती हसली. “मावशी, ती त्यांची नवी स्टाइल आहे. कलाकार माणूस!”

तीस वर्षं त्या हॉलची पोस्टरं बाबाच काढत आणि हातानेच छापत. आधी पिवळा, तो वाळला की लाल, मग निळा, शेवटी काळी रेघ. दर रंगाला वेगळी जाळीची चौकट. लाल नेमका बसला तर बासरीवाल्याचे ओठ ओठांच्या जागी, सरकला की गालावर. वर्षभर ते गालावरच होते, आणि लोक म्हणत होते, वा, चित्र डोलतंय!

बाळ झाल्यापासून ती छापखान्याकडे फिरकली नव्हती. रंगांचा वास लेकीला बाधेल, ही धास्ती. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी बाई ती. डोळ्यांत तेल घालून तिचं सगळं करायची. बाबा फोनवर “मजेत” म्हणायचे, तेवढ्यावर तिचं भागायचं.

मावशी बोलली त्याला सहा महिने झाले, तेव्हा कुठे ती लेकीला आजोबांचं काम दाखवायला गेली. आधी खिडक्या सताड उघडायला लावल्या, मगच उंबरा ओलांडला. दोरीवर पोस्टरं वाळत होती. फळीवर रंगाचे डबे, प्रत्येकाच्या कडीला सुतळी: एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

“हे काय, बाबा?”

“काही नाही गं. हाताला पटकन सापडतात.”

दोन गाठींची सुतळी मुठीत झाकून तिने तो डबा पुढे केला. “हा कुठला?”

बाबांनी मान तिरकी केली, डबा उजेडाकडे वळवला. “तपकिरी असेल.”

लाल होता.

“कधीपासून?”

“झालं वर्ष. तू बाळ शिंकलं तरी डॉक्टर गाठणारी. तुझ्या जिवाला आणखी एक घोर कशाला?”

“म्हणून आंधळे होऊन बसणार होतात?”

“अगं, पण लोकांना आवडतंय की!”

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच आलं. लेक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

तपासणीत कळलं, डावा डोळा काचबिंदूने जवळजवळ नेला होता. उजव्यात मोतीबिंदू, तो काढला, थेंब सुरू झाले. “सहा महिने आधी आला असतात तर...” म्हणून डॉक्टर थांबले. ते सहा महिने कुठले, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आता दर शनिवारी लेक नवऱ्याच्या ताब्यात आणि ती छापखान्यात. ती कागद खुणेला लावते, बाबा रबरी पट्टी ओढतात.

“बसला?”

“बसला.”

“मग जरासा सरकव. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा सुधारला.”

ती सरकवते. केसभरच.

तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: तुमचं कुणी फोनवर नुसतं “मजेत” म्हणत असेल, तर आजच जाऊन या. बोलण्यावर जाऊ नका. त्यांच्या डब्यांना गाठी नाहीत ना, ते बघा.