रुपाची बाई

रुपा मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. शहापूरच्या कॉम्प्युटर ॲनिमेशनच्या क्लासमध्ये नाव मी सगळ्यात आधी घातलं, खिडकीजवळची जागा धरली. आणि ही आटगावच्या पलीकडच्या पाड्यावरून उशिरा आली ती थेट सरांच्या टेबलासमोर बसली. माउस धरायला तिला मीच शिकवलं. दोन महिन्यांत ती पडद्यावर चेंडू असा उडवायला लागली, की जगदीश सर सगळ्यांना बोलावून दाखवायचे. माझाही चेंडू उडायचा, पण त्याला कोण विचारतो!

शेवटच्या कामाला सरांनी विषय दिला भाताची आवणी. बटण दाबलं की पडद्यावरच्या बाईने रोप लावायचं, पुन्हा दाबलं की पुढचं. ज्याचं काम चांगलं, त्याला क्लासमध्येच शिकवायची नोकरी. ती मला हवी होती. त्याहून जास्त, ती रुपाला मिळायला नको होती.

म्हणून रुपा डबा खायला बाहेर गेली तेव्हा मी तिची फाइल उघडली. तिची बाई वाकून रोप लावायची आणि एक पाऊल मागे सरकायची. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढी हुशार, आणि पावलांच्या फ्रेम उलट्या लावल्यात! मी चकार शब्द काढला नाही. आमच्या घरी शेती होती, पण आईने मला कधी चिखलात उतरू दिलं नव्हतं. माझी बाई मी ऐटीत पुढे चालवली.

शनिवारी सगळ्यांचे आईबाप आले. आईला मी पहिल्या रांगेत बसवलं, माउस तिच्याच हातात दिला. तिने चारदा बटण दाबलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगो, ही तर लावलेलं तुडवत चाललीय! आवणीला मागं सरायचं असतं. एवढं पन ठावं नाय तुला?"

अख्खा क्लास हसला. सरसुद्धा. नोकरी रुपाला मिळाली, तेही मी सोसलं असतं.

पण आई उठून रुपाच्या कॉम्प्युटरपाशी गेली. पडद्यावरच्या बाईचं रोप लावणं, एक पाऊल मागे, कमरेवर हात, पुन्हा वाकणं. ती बटण दाबतच राहिली.

"माजी कंबर अशीच धरते गो," ती रुपाला म्हणाली. "तुला कसं कळलं?"

"मी पन जाते ना आवणीला, मावशी."

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग तो तिथेच ठेवला. नोकरी रुपाने खुशाल घ्यावी. तो हात माझा होता.