पोचा आलेला टिन आणि चिंगीच्या लग्नाचा केक

मित्रांनो, मी केक भाजायचा एक जुना टिन आहे. मोठा, गोल आणि एका बाजूने चांगलाच पोचा आलेला. नाक मुरडू नका, त्या पोच्याचीच तर गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने ठोकून ठोकून मला असा गोल केला की विचारू नका! बेकरीवाल्या बाईंनी मला हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा लग्नाचा टिन." झालं, माझी मान जी ताठ झाली ती झालीच. पाव-बिस्किटांच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. लग्नाच्या केकचा सगळ्यात खालचा थर माझा, वरचे थर धाकट्या टिनांचे.

आमच्या बाई हिशेबाला भलत्याच पक्क्या. कोणी लग्नाचा केक सांगायला आलं की त्या आधी चवीचं विचारतच नसत. "माणसं किती? पोरंटोरं किती? केक जेवणाआधी की नंतर?" भरल्या पोटी माणूस एका तुकड्यावर थांबतो, उपाशी पोटी दोनदा हात पुढे करतो. "मला नको हो, गोड बंद आहे," म्हणणाऱ्या आजोबांना तर त्या हमखास मोजत. "तेच शेजाऱ्याच्या ताटलीतलं खातात!" असं म्हणून त्या हसत.

कापायची पद्धतही त्यांची स्वतःची होती. आधी केकच्या मधोमध एक लहान गोल कापायचा, मग बाहेरच्या कड्याचे दोन बोटं रुंदीचे तुकडे करायचे आणि आतला गोल शेवटी. हव्या तशा फोडी केल्या तर एकाला डोंगर मिळतो आणि दुसऱ्याला ठेंगा, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या हातचा केक कधी कमी पडला नाही.

आता पोच्याकडे वळू. बाईंची लेक चिंगी म्हणजे पायाला भिंगरी. एक दिवस ती माझ्यात बसली आणि बेकरीमागच्या पायऱ्यांवरून घसरत निघाली. धडाम! चिंगीला काही खरचटलंसुद्धा नाही, माझी मात्र बरगडी आत गेली. भट्टी सांभाळणारे तिचे बाबा हातोडी घेऊन आले, पण बाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या. आणखी ठोकलंत तर भोक पडेल."

पुढे काही वर्षं माझा केक एका गालावर खळी घेऊन बाहेर यायचा. बाई त्या खळीत क्रीम भरून झाकून टाकत. मग लोकांना चौकोनी, गुळगुळीत केक आवडू लागले. चकचकीत नवे टिन आले आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. लग्नाचा टिन मी, आणि माझ्या पोटात सुतळीचा गुंडा! फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

बघता बघता चिंगी मोठी झाली आणि तिचं लग्न ठरलं. विहीणबाई बोलणी करायला आल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे गोडाला कोणी हात लावत नाही हो. उगाच जास्त करू नका." आणि काय सांगू, आमच्या बाईंनी मान डोलावली! नको म्हणणाऱ्या आजोबांना मोजणाऱ्या बाईंनी!

"अगं, आजवर कुणाचं ऐकलं नाहीस आणि आजच कसं ऐकलंस?" बाबा म्हणाले.

"अहो, आज मी केकवाली नाही, मुलीची आई आहे. त्यांचं मन कसं मोडू?"

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडची मंडळी सहज बेकरीत डोकावली. बाईंनी केकच्या कापलेल्या कडा ताटलीत घालून पुढे ठेवल्या. चहा येईपर्यंत ताटली साफ! गोड न खाणारे एक काका बोटं चाटत म्हणाले, "अजून आहे का थोडं?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीच्या लग्नात पाहुणे रिकाम्या ताटलीकडे बघत बसणार! नव्या टिनांतले थर तर रचून सजवून झाले होते. मंडळी गेल्याबरोबर त्या ओरडल्या, "अहो, फळीवरचा तो पोचा आलेला उतरवा! साधा केक करू. मिरवायचा नाही, पडद्यामागे कापून ताटल्या बाहेर पाठवू. कुणाला कळतंय?"

सुतळी बाहेर पडली, मला घासूनपुसून लोणी लावलं आणि कितीतरी वर्षांनी मी भट्टीत शिरलो. अहाहा! ती ऊब मी विसरलोच नव्हतो.

लग्नात सजवलेला केक हां हां म्हणता संपला. साधा केक माझ्यातच बसून मांडवात आला होता; पडद्यामागे बाईंनी तो बाहेर काढला आणि सुरी उचलली. मधला गोल, बाहेरचं कडं, दोन बोटांचा तुकडा. बाबा ताटल्या भरभर बाहेर देत होते. काकांनी दोनदा घेतला, विहीणबाईंनीही. शेवटच्या पाहुण्यापर्यंत केक पुरला. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि सुरी पुसायला घेतली.

तेवढ्यात पडदा सारून चिंगी आत आली. "आई, तू केक खाल्लास?"

"मी?" बाई गोंधळल्या. "अगं, मी स्वतःला मोजलंच नाही. तुझ्या बाबांनाही नाही."

खरंच होतं ते. इतकी लग्नं केली, पण दोघांनी केक कापला आणि वाढला, खाल्ला कधीच नाही. मोजताना स्वतःला धरायची सवयच नव्हती त्यांना.

चिंगीने माझ्यात वाकून पाहिलं. एक तुकडा उरला होता, माझ्या पोच्याजवळचा. वाकडा तुकडा पाहुण्याला कसा द्यायचा, म्हणून बाईंनी तो परत माझ्यात ठेवला होता.

"अगंबाई, हा तर माझा पोचा!" ती हसली. तिने आईला खुर्चीवर बसवलं, बाबांना शेजारी बसवलं आणि त्या तुकड्यातला एकेक घास दोघांना भरवला. बाईंचे डोळे भरून आले. घास गिळून त्या म्हणाल्या, "बरा झालाय गं." आयुष्यात एवढी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

आता मी भट्टीशेजारच्या खिळ्यावर असतो आणि सुतळी एका चकचकीत चौकोनी टिनात. मित्रांनो, पोचा आला म्हणून भांडं टाकून देऊ नका. आणि कार्यात खायला बसाल तेव्हा एकदा पडद्यामागे डोकावून, वाढणारे जेवले का ते विचारा. आमच्या बाई आता तेही विचारतात: "माणसं किती? पोरंटोरं किती? आणि वाढणारे किती?"