कडकडणारी गादी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर किरणबाबा किरणोत्सार मोजायचं यंत्र फिरवत होता. आजारी माणूस खुर्चीत बसला की यंत्र कडकड करायचं. बाबा हात फिरवायचा, शिष्य खुर्चीतली गादी बदलायचा आणि यंत्र गप्प! "विष निघालं!" बाबा गरजायचा. लोक ढसाढसा रडायचे. त्यांतल्या बहुतेकांपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते.

मधल्या रांगेतल्या रसायनशास्त्रज्ञ बाईंचा जीव टांगणीला लागला होता. किरणोत्सारी जड मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करण्यात त्यांची उभी हयात गेली. पण सख्ख्या बहिणीला या बाबापासून वेगळं करणं काही जमेना. धाकटीच्या पोटात गाठ होती. शस्त्रक्रिया उद्यावर आलेली, आणि ती म्हणत होती, "आज विष निघालं की मी दवाखान्याची पायरी चढणार नाही."

"अगं, माझं ऐक."

"जन्मभर तुझंच ऐकलं, ताई. आता पुरे."

धाकटीचा नंबर आला. ती बसताच यंत्र कडाडलं.

"बघा, विष कसं किंचाळतंय!" बाबा म्हणाला.

बाई तरातरा मंचावर चढल्या. प्रयोगशाळेत कुठलाही नमुना मोजण्याआधी त्या रिकामं भांडं मोजत. हाताची सवयच ती.

"ऊठ गं."

"ताई, तमाशा नको!"

"नुसती ऊठ."

धाकटी उठली. रिकाम्या खुर्चीवरही यंत्र कडकडतच राहिलं.

"खुर्चीलापण गाठ झाली वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी गादी फाडली. कापसातून गॅसबत्तीच्या जुन्या जाळ्या निघाल्या. "उजेड वाढावा म्हणून यांत थोरियम घालायचे. यंत्र वाजतंय ते त्याच्या किरणांनी. गादी बदलली, की गप्प."

"नास्तिक आहे ही!" बाबा ओरडला, पण मागच्या दाराकडे सरकत.

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. तपासण्यांचे कागद हातात धरून लोक बाईंकडे वळले. "मग आम्हाला कोण बरं करणार?"

"डॉक्टरांकडेच जा," बाई म्हणाल्या. "रोग दाखवणारा आणि तो गेला म्हणणारा एकच माणूस असेल, तर दुसऱ्याकडून तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका."

धाकटी मंचाच्या पायरीवर बसली होती. "म्हणजे गाठ आहेच?"

"आहे."

"मी वाचेन ना, ताई?"

हो म्हणणं किती सोपं होतं! बाबा दिवसभर तेच म्हणत होता.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "उद्या गेलीस, तर वाचू शकशील."

धाकटी बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "माझ्या चपला शोध."